संगणकाचें दप्तर आणि त्याची निवड

कल्याण सोडून गाडी कसाऱ्याच्या मार्गास लागली, कीं पहिलें स्थानक येतें तें शहाडचें. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, बिर्ला मंदिर आणि जवळून वाहणारी उल्हास नदी ह्या खुणांनीं हें गांव बहुतेकांच्या परिचयाचें आहे. ह्या वस्तींतील एखाद्या सुशिक्षित घरांत सकाळच्या दोन तासांत काय घडतें, तें पाहण्यासारखें आहे. कर्ता मुलगा फोनवरच लोकलचें तिकीट काढतो. गृहिणी दूधवाल्याचे पैसे त्याच फोनवरून चुकते करते. कन्येच्या परीक्षेचा अर्ज भरला जातो, आजोबांचें निवृत्तिवेतन बँकेंत जमा झाल्याचा निरोप येतो, आणि मुरबाड तालुक्यांतील वडिलोपार्जित शेताचा सातबारा घरबसल्या पाहतां येतो. ह्या प्रत्येक गोष्टीची कोठें तरी नोंद होते. परंतु कागद, दौत किंवा वही ह्यांपैकीं कांहींच दृष्टीस पडत नाहीं.

ही नोंद जेथें राहते त्या यंत्रयोजनेस डेटाबेस म्हणतात. मराठींत बोलावयाचें तर तें संगणकाचें दप्तर होय. हें दप्तर एकाच प्रकारचें नाहीं. त्याचे कित्येक प्रकार बाजारांत आहेत, कांहीं विकत मिळणारे, कांहीं फुकट मिळणारे. संगणकाच्या आज्ञावली रचणारे जे सॉफ्टवेअर डेव्हलपर, ते त्यांतून आपल्या कामापुरतें एक किंवा अनेक निवडतात. निवड ते करतात आणि तिचें बरेंवाईट फळ मात्र शहाडच्या त्या घरास भोगावें लागतें. म्हणून ही निवड कशी होते, हें सामान्य गृहस्थानेंही समजून घेणें इष्ट आहे.

दप्तर म्हणजे नुसता नोंदींचा ढीग नव्हे. ह्याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांत शतकाहून अधिक काळ डोळ्यांसमोर आहे. तें तलाठ्याच्या दप्तराचें. गांव नमुना सात ह्यांत जमीन कोणाची, किती, कोणत्या हक्कानें धारण केलेली, हें गट क्रमांकाप्रमाणें लिहिलेलें असतें. नमुना बारा ह्यांत त्याच जमिनींतील पिकांची नोंद असते. नमुना आठ-अ हा खातेदाराच्या नांवावरून त्याच्या सर्व जमिनी दाखवितो. आणि नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही: जमिनीच्या हक्कांत कांहींही बदल झाला, कीं तो आधीं तेथें क्रमवार नोंदला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, आणि मगच त्याचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो.

संगणकाच्या दप्तराचीं बहुतेक तत्त्वें ह्या चार नमुन्यांत आलीं. माहिती ठराविक रकान्यांत मांडावी; एक वही दुसरीशीं गट क्रमांकासारख्या खुणेनें जोडलेली असावी; तीच माहिती वेगळ्या बाजूनें शोधतां यावी म्हणून आठ-असारखी सूची असावी; आणि बदल करण्यापूर्वीं त्याची क्रमवार नोंद व्हावी. पेढीवरील जुने कारकूनही आधीं कीर्द लिहीत आणि मग खतावणी करीत. खतावणीचें पान फाटलें तरी कीर्दीवरून ती पुन्हां उभी करतां येई. आजचीं भरंवशाचीं संगणकीय दप्तरेंही ह्याच रीतीनें आधीं आपली कीर्द लिहितात आणि नंतर मूळ नोंद बदलतात. मध्येंच वीज गेली, तर यंत्र पुन्हां सुरू होतांच ही कीर्द वाचून अर्धवट राहिलेलें काम पुरें करतें किंवा रद्द करतें.

रकाने आणि ओळी ह्यांच्या कोष्टकांत सर्व माहिती मांडावी, आणि ती कोठें ठेवली आहे ह्याची चिंता वापरणाऱ्यानें करूं नये, हा विचार शास्त्रशुद्ध स्वरूपांत प्रथम मांडला तो आयबीएम कंपनींतील एडगर कॉड ह्या गणितज्ञानें, १९७० सालीं. त्यापूर्वीं एखादी नोंद काढावयाची झाल्यास तिच्यापर्यंत पोंचण्याची वाट पायरीपायरीनें आज्ञावलींत लिहावी लागे. मांडणी बदलली कीं आज्ञावलीही बदलावी लागे. कॉडच्या पद्धतींत काय पाहिजे एवढेंच सांगावें. कसें शोधावें तें यंत्र ठरवितें. ह्या मागणीची जी भाषा त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७४ च्या सुमारास तयार केली, तीच पुढें एसक्यूएल ह्या नांवानें रूढ झाली. १९७९ सालीं ओरॅकल कंपनीनें ह्या पद्धतीचें दप्तर विक्रीस आणलें, आणि पुढील दोन दशकांत बँका, कारखाने व सरकारी कचेऱ्या ह्यांनीं तें किंवा त्याचे प्रतिस्पर्धी भराभर स्वीकारले.

ह्या शास्त्राच्या अध्यापनांत महाराष्ट्राचा वाटा लहान नाहीं. डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स हें पाठ्यपुस्तक जगांतील असंख्य महाविद्यालयांतून शिकविलें जातें. सिल्बरशॅट्झ आणि कोर्थ ह्या दोन मूळ ग्रंथकारांस तिसऱ्या आवृत्तीपासून येऊन मिळालेले तिसरे ग्रंथकार एस. सुदर्शन हे पवईच्या आयआयटींतील प्राध्यापक होत. शहाडहून पवई कांहीं दूर नाहीं.

आतां दप्तराची खरी कसोटी कोठें लागते तें पाहूं. समजा, नाशिककडे जाणाऱ्या एका गाडींत एकच शायिका उरली आहे. कल्याणच्या खिडकीवर एक गृहस्थ तिची मागणी करतात, आणि नेमक्या त्याच क्षणीं दुसऱ्या शहरांतील खिडकीवर दुसरे गृहस्थ तीच मागतात. दोघांच्याही कारकुनांस पडद्यावर एक जागा रिकामी दिसत आहे. दोघांनींही तिकीट फाडलें तर गाडींत भांडण ठरलेलें. जुन्या काळीं ह्यावर उपाय एकच होता: प्रत्येक स्थानकास जागांचा ठराविक वांटा देणें आणि त्याची स्वतंत्र वही ठेवणें. परिणाम असा होई कीं, एका स्थानकावर जागा रिकाम्या राहत आणि दुसऱ्या स्थानकावर लोक हात हलवीत परत जात. परतीच्या आरक्षणासाठीं तर तार करावी लागे.

रेल्वेनें संगणकावर आरक्षण सुरू केलें तें दिल्लींत, १९८५-८६ सालीं. नंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथें तशींच केंद्रें झालीं. परंतु प्रथम प्रत्येकाचें दप्तर निराळें होतें. हीं पांच दप्तरें एकमेकांस जोडण्याची कॉन्सर्ट नांवाची योजना रेल्वेच्या क्रिस ह्या संस्थेनें तयार केली. ती १९९४ सालीं सिकंदराबादेस प्रथम लागू झाली आणि १९९९ सालीं पांचही केंद्रें जोडलीं गेलीं. २००२ च्या ऑगस्टपासून हेंच दप्तर घरच्या संगणकावरून उघडतां येऊं लागलें. गाडी ज्या केंद्राच्या ताब्यांतील असेल तेथेंच तिच्या जागांची नोंद. मागणी कोठूनही येवो, निर्णय एकाच वहींत.

ह्या कसोटीस उतरणाऱ्या कामास व्यवहार असें म्हणतात, आणि व्यवहाराचे चार धर्म १९८३ सालीं हेर्डर व रॉयटर ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं एकत्र सूत्ररूपानें सांगितले. पहिला धर्म, व्यवहार पुरा व्हावा किंवा मुळींच होऊं नये. पैसे कापले गेले आणि तिकीट मिळालें नाहीं, अशी अर्धवट स्थिति दप्तरांत राहूं नये. दुसरा, ठरलेला नियम मोडूं नये. एका शायिकेवर दोन नांवें येऊं नयेत. तिसरा, एकाच वेळीं चाललेले दोन व्यवहार एकमेकांत मिसळूं नयेत. चौथा, एकदां झाला म्हणून सांगितलेला व्यवहार वीज गेली तरी पुसला जाऊं नये. बँक, तिकीट, जमीन, औषधोपचार ह्या विषयांत हे चार धर्म पाळणारेंच दप्तर पाहिजे. तेथें तडजोडीस जागा नाहीं.

परंतु प्रत्येक नोंद एवढ्या कडक सोवळ्यांत ठेवण्याची गरज नसते. म्हणून दप्तरांच्या निरनिराळ्या जाति निर्माण झाल्या. फोनमध्यें निरोप, पत्ते आणि छायाचित्रांची यादी जेथें राहते तें बहुधा एसक्यूलाइट नांवाचें इवलेंसें दप्तर असतें. अमेरिकेंतील रिचर्ड हिप ह्यांनीं तें २००० सालीं रचलें आणि त्यावर कोणताही हक्क न ठेवतां जगास देऊन टाकलें. त्यास निराळा कारभारी लागत नाहीं. सगळें दप्तर एका फाइलींत मावतें. रेडिस हें दप्तर आपली माहिती संगणकाच्या चटकन् वाचतां येणाऱ्या स्मरणांत ठेवतें. क्रिकेटच्या सामन्याचा चालू धावफलक लक्षावधि लोकांस क्षणोक्षणीं दाखविण्यासारख्या कामीं त्याचा उपयोग. मोंगोडीबी ह्या दप्तरांत रकाने आधीं ठरवावे लागत नाहींत. प्रत्येक नोंद स्वतंत्र कागदासारखी, एकावर चार बाबी तर दुसऱ्यावर चाळीस. ज्या मालाचें वर्णन वस्तूगणिक बदलतें, त्या दुकानदारीस हें सोयीचें.

मोठ्या कामांत एकच दप्तर पुरत नाहीं. आधार योजनेचा प्रारंभ २०१० सालीं २९ सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली ह्या आदिवासी गांवीं झाला. त्या दिवशीं पहिले क्रमांक दिले गेले; पुढें ही संख्या १३० कोटींपलीकडे गेली. हें काम उभें करतांना मायएसक्यूएल, एचबेस, मोंगोडीबी अशीं खुलीं व बिनामूल्य दप्तरें कामाच्या प्रकृतीप्रमाणें वांटून वापरलीं गेलीं. घरांत जशी धान्याची कोठी, मसाल्याचा डबा आणि दागिन्यांची पेटी निरनिराळी, तसेंच हें.

एवढें समजल्यावर मूळ प्रश्नाकडे वळतां येतें: आज्ञावली रचणारे प्रत्यक्षांत वापरतात काय, आणि त्यांस आवडतें काय? स्टॅक ओव्हरफ्लो ही संस्था दरवर्षीं जगभरच्या डेव्हलपरांची पाहणी करते. २०१८ सालीं उत्तर देणाऱ्यांपैकीं सुमारें ५९ टक्के मायएसक्यूएल वापरीत होते, आणि पोस्टग्रेसक्यूएल वापरणारे सुमारें ३३ टक्के. २०२३ सालीं सर्व उत्तरदात्यांत पोस्टग्रेस प्रथमच पुढें गेलें. २०२४ च्या पाहणींत ६५ हजारांहून अधिक लोकांनीं भाग घेतला. दप्तरांविषयींच्या प्रश्नास उत्तर देणाऱ्यांत पोस्टग्रेस वापरणारे सुमारें ४९ टक्के, मायएसक्यूएल सुमारें ४० आणि एसक्यूलाइट सुमारें ३३ टक्के निघाले. पोस्टग्रेस वापरून पाहिलेल्यांपैकीं सुमारें पाऊण हिस्सा लोकांनीं तेंच पुढेंही वापरण्याची इच्छा दर्शविली. एकाच माणसानें अनेक दप्तरें सांगितलेलीं असतात, म्हणून ह्या टक्क्यांची बेरीज शंभरावर जाते.

सहा वर्षांत हा पालट कां झाला? मायएसक्यूएल १९९५ सालीं स्वीडनमध्यें जन्मलें, सोपें व चपळ म्हणून संकेतस्थळें बांधणाऱ्यांच्या घरोघर गेलें. २००८ सालीं तें सन कंपनीनें सुमारें एक अब्ज डॉलरांस विकत घेतलें, आणि २०१० च्या आरंभीं सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यांत गेली. ज्या कंपनीचें महागडें दप्तर टाळण्यासाठीं लोक मायएसक्यूएलकडे आले होते, तीच त्याची मालकीण झाली. मूळ रचनाकार मायकेल विडेनियस ह्यांनीं तत्पूर्वींच त्यांतून मारियाडीबी ही निराळी शाखा काढली होती. आवृत्ति खुली राहिली तरी नांव, दिशा आणि पुढील बेत एका धन्याच्या हातीं असणें कित्येकांस रुचलें नाहीं.

पोस्टग्रेसची कुळकथा वेगळी. अमेरिकेंतील बर्कली विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर ह्यांनीं १९८६ सालीं हें काम आरंभिलें. १९९६ पासून तें आजच्या नांवानें स्वयंसेवकांच्या मेळाव्याच्या हातीं आहे. त्यास एक मालक नाहीं. निरनिराळ्या देशांतील आणि परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांतील अभियंते मिळून तें वाढवितात. पुण्यांतही त्या कामास वाहिलेले अभियंते आहेत. त्यांच्या कामाचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. पोस्टग्रेस नोंद बदलतांना जुनी ओळ पुसत नाहीं. सातबाऱ्यावर जुन्या नांवास कंस घालून खालीं नवें लिहावें, तशी नवी ओळ लिहितें. त्यामुळें एक जण लिहीत असतां दुसऱ्यास वाचण्यासाठीं थांबावें लागत नाहीं. परंतु प्रत्येक नव्या ओळीची नोंद सर्व सूचींतही करावी लागे, आणि दप्तर फुगत जाई. सूचींतील रकाना बदलला नसेल तेव्हां हा खटाटोप वाचविणारी युक्ति २००८ सालच्या ८.३ ह्या आवृत्तींत आली. तिच्या रचनेंत पुण्यांतील एका अभियंत्याचा मुख्य वाटा होता. ती सुधारणा आज जगांतील प्रत्येक पोस्टग्रेसमध्यें मुकाट्यानें चालूं आहे.

शिवाय पोस्टग्रेसनें आपल्या चार धर्मांस बाध न आणतां इतर दप्तरांचे गुणही आत्मसात केले. मोंगोडीबीसारखे सैल कागद ठेवण्याची सोय त्यांत झाली. नकाशावरील स्थळें, गांवांच्या सीमा आणि अंतरें ह्यांची गणना करणारी पोस्टजीआयएस ही जोड त्यास मिळाली. ज्याला अजून आपल्या धंद्याचें पुढील स्वरूप नीट दिसत नाहीं, अशा नवशिक्यानें पोस्टग्रेसपासून आरंभ करावा असा सल्ला अनुभवी लोक देतात, त्याचें कारण हें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आवड आणि वापर ह्या दोन गोष्टी सारख्या नाहींत. वीस वर्षें ओरॅकलवर चाललेली बँक केवळ लोकांची आवड बदलली म्हणून दप्तर बदलीत नाहीं, आणि तें योग्यच आहे. चालत्या गाडीचीं चाकें बदलण्याइतकें तें कठीण. लाखों खातेदारांच्या ठेवी त्यावर उभ्या असतात. विकत घेतलेल्या दप्तरामागें बिघाडाच्या वेळीं जबाबदारीनें धांवून येणारी कंपनी असते, हाही मोठा आधार आहे. उलट त्याचें शुल्क पुष्कळदां संगणकाच्या शक्तीप्रमाणें वाढत जातें, आणि आज्ञावली एकदां त्या दप्तराच्या खास बोलींत लिहिली गेली, कीं विक्रेत्यानें भाव वाढविला तरी सोडवत नाहीं. केंद्र सरकारनें २०१५ सालीं खुल्या आज्ञावलींस अग्रक्रम देण्याचें धोरण जाहीर केलें, त्यामागें खर्चाइतकाच ह्या बांधिलकींतून सुटण्याचा विचार होता.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. उत्तम दप्तर निवडलें म्हणजे माहिती सुरक्षित झाली, असें नाहीं. २००५ सालच्या २६ जुलैच्या महापुरांत उल्हास नदीचें पाणी कल्याण-बदलापूरकडील वस्त्यांत शिरलें, तेव्हां किती घरांतील कागदपत्रांचा लगदा झाला हें त्या भागांतील लोक विसरलेले नाहींत. नदीकाठचा संगणकही कागदाइतकाच बुडतो. म्हणून दप्तराची दुसरी प्रत दूरच्या गांवीं सतत लिहिली गेली पाहिजे. आणि ती प्रत खरोखर उघडते कीं नाहीं, हें वेळोवेळीं पाहिलें पाहिजे. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब ह्या प्रसिद्ध कंपनींत एका अभियंत्याच्या हातून चालू दप्तरच पुसलें गेलें. दप्तर पोस्टग्रेसचेंच होतें. प्रती ठेवण्याच्या अनेक योजना कागदावर होत्या. ऐन वेळीं त्यांपैकीं बहुतेक निकामी निघाल्या, आणि सुमारें सहा तासांपूर्वींची एक प्रत सुदैवानें हातीं आली म्हणून कारभार वांचला. कंपनीनें ही सर्व हकीकत स्वतः जाहीर केली, हें तिला भूषणावह आहे.

तेव्हां, आज्ञावलीकारांचा कल कोणीकडे आहे, ह्याचें उत्तर थोडक्यांत असें: पैसा, जमीन, जागा ह्यांच्या नोंदींस चार धर्म पाळणारें कोष्टकांचें दप्तर, आणि त्यांत नव्या कामास पोस्टग्रेस, फोनच्या पोटांत एसक्यूलाइट, क्षणिक कामास रेडिस, सैल नोंदींस मोंगोडीबी, आणि जुन्या मोठ्या संस्थांत ओरॅकलसारखीं दप्तरें, जपून व टिकवून ठेवलेलीं. कोणतें दप्तर श्रेष्ठ, हा वाद निरर्थक आहे. कोणती नोंद चुकली तर कोणाचें किती नुकसान होईल, हा प्रश्न आधीं विचारला, कीं दप्तराची निवड बहुतेक आपोआप ठरते.

हा प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांपुरताच आहे असें मात्र समजूं नये. शहाड, कल्याण, डोंबिवलीकडील गृहनिर्माण संस्था, पतपेढ्या, शाळा आणि वाचनालयें आपले हिशेब आतां संगणकावर ठेवतात. आज्ञावली घेतांना व्यवस्थापक मंडळी पडद्याचे रंग आणि किंमत पाहतात. त्याऐवजीं त्यांनीं तीन प्रश्न विचारावे. पावती लिहितांना मध्येंच वीज गेली तर नोंदीचें काय होतें? दुसरी प्रत कोणत्या गांवीं असते, आणि ती शेवटची कधीं उघडून पाहिली? उद्यां हा विक्रेता सोडला, तर सभासदांची सर्व माहिती दुसऱ्या कोणासही वाचतां येईल अशा साध्या स्वरूपांत परत मिळेल काय? ह्या तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर दप्तराचें नांव काहींही असो, तें विश्वासास पात्र आहे. न मिळालीं, तर दप्तर कितीही नामांकित असलें तरी वही आणि लेखणी अजून आवरून ठेवूं नये.